स्वतःच्या हुकलेल्या फेकीचा रिबाउंड : एका क्रीडानोंदीचा अर्थविचार

बास्केटबॉलच्या सामन्यात वारंवार दिसणारे एक दृश्य असे : रिंगच्या अगदी जवळ उभा असलेला एखादा धिप्पाड खेळाडू दोघा-तिघा प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून चेंडू वर फेकतो. चेंडू रिंगवर आपटून बाहेर उसळतो. प्रतिस्पर्धी माना वर करून तो कोठे पडेल ह्याचा अदमास घेत असतात, तोच फेकणारा पुन्हा उडी मारतो, चेंडू हस्तगत करतो आणि दुसऱ्या खेपेस तो जाळीत घालतो. हे सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते. प्रेक्षकाला ही एकच अखंड कृती वाटते. गुणलेखकाच्या वहीत मात्र तिचे तीन तुकडे पडतात : एक हुकलेली फेक, एक आक्रमक रिबाउंड आणि एक यशस्वी फेक.

ह्या तीन नोंदींपैकी पहिली खेळाडूच्या दोषाची, उरलेल्या दोन त्याच्या श्रेयाच्या. एकाच कृतीपोटी एकाच माणसाच्या नावे दोष आणि श्रेय दोन्ही मांडले जात असल्यामुळे तिच्याविषयी दोन परस्परविरोधी मते रूढ झाली आहेत. एका मतानुसार स्वतःच्या चुकीचा चेंडू स्वतःच परत मिळविणे हा चिकाटीचा कळस होय. दुसऱ्या मतानुसार तो आकडे फुगविण्याचा प्रकार होय : आधी सोपी फेक हुकवावयाची आणि मग तिच्याच रिबाउंडचे श्रेय पदरात पाडून घ्यावयाचे. अमेरिकेतील एनबीए ह्या व्यावसायिक संघटनेत खेळाडूची कीर्ती आणि त्याचे मानधन ह्या दोहोंवर अशा आकड्यांचा परिणाम होतो. तेव्हा हा वाद केवळ शाब्दिक नव्हे. तथापि त्याचे मूळ मात्र बऱ्याच अंशी शब्दांत, म्हणजे एका घटनेचे तुकडे कोठे पाडावयाचे आणि त्यांना कोणती नावे द्यावयाची ह्या प्रश्नात आहे. भाषेच्या अभ्यासकाला ही अडचण परिचयाची असते. अखंड उच्चारप्रवाहाचे घटक ज्या ठिकाणी तोडावेत, त्यावर पुढचे सारे वर्गीकरण अवलंबून राहते. गुणलेखनाचेही तसेच आहे.

१. रिबाउंड ह्या नोंदीचा पूर्वेतिहास

जेम्स नेस्मिथ ह्यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला, तेव्हा लक्ष्य म्हणून पीच ह्या फळाच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर ठोकलेल्या होत्या. टोपलीमागे बोर्ड नव्हता. सज्जात बसलेले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवू लागले, म्हणून थोड्याच वर्षांत टोपलीमागे आडोसा आला. प्रेक्षकांना रोखण्यासाठी योजलेल्या ह्या आडोशाने खेळात एक नवीनच घटक आणला. हुकलेला चेंडू आता मैदानाबाहेर न जाता बोर्डावरून परत खेळात येऊ लागला आणि तो कोणी मिळवावा ही स्वतंत्र झुंज ठरली. त्या झुंजीच्या फळाला रिबाउंड हे नाव पडले.

एनबीएच्या अधिकृत आकडेवारीत आक्रमक आणि बचावात्मक रिबाउंड वेगवेगळे मोजण्याची पद्धत १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. तोपर्यंत सर्व रिबाउंड एकाच रकान्यात पडत. विल्ट चेंबरलेन ह्याने २४ नोव्हेंबर १९६० रोजी बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध एका सामन्यात ५५ रिबाउंड मिळविले. हा उच्चांक अद्याप अबाधित आहे. परंतु त्या ५५ पैकी किती आपल्या संघाच्या हुकलेल्या फेकींचे आणि किती प्रतिस्पर्ध्यांच्या, हे अधिकृत रकान्यावरून कळत नाही. स्वतःच्या फेकींचे किती, हा प्रश्न तर त्याहूनही दूरचा. १९७३ नंतरही पहिलाच भेद मांडला गेला, दुसरा नाही. आक्रमक रिबाउंड ह्या एकाच नावाखाली सहकाऱ्याच्या चुकीचा चेंडू आणि स्वतःच्या चुकीचा चेंडू हे दोन्ही प्रकार आजही एकत्र नांदतात. इंग्रजीत ‘पुटबॅक’ असा एक शब्द आहे; पण आक्रमक रिबाउंडनंतर लगेच केलेली फेक एवढाच त्याचा अर्थ. पहिली फेक कोणाची होती, ह्याविषयी तो शब्द मौन पाळतो. ज्या घटनेला स्वतंत्र नाव नाही तिचा स्वतंत्र हिशोब राहत नाही, आणि हिशोब नसला की तिच्याविषयी कोणीही काहीही म्हणू शकतो. सोयीसाठी येथे ह्या प्रकाराला ‘स्व-रिबाउंड’ म्हटले आहे.

२. फेकणाऱ्याला लाभणारे तीन फायदे

रिंगजवळ खेळणाऱ्या उंच आणि भारदस्त खेळाडूंना अमेरिकेत ‘बिग मॅन’ म्हणतात. सेंटर आणि पॉवर फॉरवर्ड ह्या दोन जागांवरील खेळाडू त्यांत मोडतात. स्व-रिबाउंड प्रामुख्याने त्यांच्याच वाट्याला का येतो, ह्याची कारणे पाहण्याजोगी आहेत. उंची हे त्यांतील एक कारण. परंतु ते एकटे पुरेसे नाही, कारण बहुधा प्रतिस्पर्धीही तितकाच उंच असतो.

पहिला फायदा अंतराचा. लांबून केलेली फेक हुकली तर चेंडू बहुधा लांब उसळतो आणि जवळून केलेली फेक हुकली तर तो जवळच पडतो. दूरच्या फेकीनंतर फेकणारा चेंडूपासून सात-आठ मीटर मागे राहतो. रिंगखालून फेकणारा मात्र चेंडू पडण्याच्या जागीच उभा असतो.

दुसरा फायदा ज्ञानाचा. फेक हातातून सुटताच ती आखूड पडली की लांब गेली, डावीकडे गेली की उजवीकडे, ह्याची जाणीव सर्वांत आधी फेकणाऱ्याच्या बोटांना होते. इतरांना चेंडूचा मार्ग डोळ्यांनी पाहून अनुमान करावे लागते. मुरलेला खेळाडू ह्या जाणिवेवर विसंबून चेंडू रिंगला लागण्यापूर्वीच पाऊल हलवितो.

तिसरा फायदा वेळेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. ह्याचे गणित गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने सहज मांडता येते. समजा, खेळाडूने ४५ सेंटिमीटर उडी घेऊन उडीच्या शिखरावर चेंडू सोडला. तेथून जमिनीवर येण्यास त्याला सुमारे ०.३० सेकंद लागतील. चेंडू हातापासून आणखी ५० सेंटिमीटर वर जाऊन तितकाच खाली आला, तर त्याला सुमारे ०.६४ सेकंद लागतील. म्हणजे चेंडू रिंगला लागतो त्याच्या सुमारे एक-तृतीयांश सेकंद आधीच फेकणाऱ्याचे पाय जमिनीला टेकलेले असतात. रिंगवर आपटून चेंडू ४० सेंटिमीटर उसळला, तर रिंगच्या पातळीवर परत येण्यास त्याला आणखी ०.५७ सेकंद लागतात. दुसरी उडी ३० सेंटिमीटरचीच असली, तर शिखर गाठण्यास ०.२५ सेकंद पुरतात. जमिनीला पाय टेकल्यापासून जवळजवळ ०.९ सेकंद हाती असताना गरज मात्र पाव सेकंदाची, असा हा हिशोब आहे. उदाहरणासाठी घेतलेली मापे बदलली तर आकडे बदलतील, पण क्रम बदलणार नाही.

बचाव करणाऱ्याची स्थिती नेमकी उलट असते. फेक अडविण्यासाठी तो फेकणाऱ्याच्या पाठोपाठ उडतो, म्हणून पाठोपाठच उतरतो. फेक लांबवर असती तर त्याने वळून, पाठ लावून फेकणाऱ्याला रिंगपासून दूर रोखून धरले असते. रिबाउंड मिळविण्याची ती शास्त्रोक्त रीत. परंतु जो हात उंचावून हवेत आहे तो पाठ लावू शकत नाही. फेक अडविणे आणि फेकणाऱ्याला अडविणे ही दोन कामे त्याला एका वेळी साधत नाहीत, आणि ह्याच फटीतून स्व-रिबाउंड जन्म घेतो. मार्गदर्शक ‘दुसऱ्या उडी’ला इतके महत्त्व देतात ते ह्यामुळे. २०१९ साली एनबीएमध्ये दाखल झालेला झायन विल्यम्सन ह्याची ख्याती पहिल्या उडीच्या उंचीबद्दल आहे तितकीच दुसऱ्या उडीच्या त्वरेबद्दल आहे. उतरल्यावर गुडघे खोल न वाकविता, हात खाली न आणता, चेंडूसारखेच पुन्हा उसळणे हे त्या कौशल्याचे मर्म होय.

३. नियमांच्या मर्यादा

नियमांनी ह्या कृतीला मुभा दिली आहे, पण ती सर्वत्र सारखी नाही. एनबीएच्या नियमानुसार फेकलेला चेंडू बोर्डाला, रिंगला किंवा दुसऱ्या एखाद्या खेळाडूला न लागता खाली आला, तर फेकणाऱ्याने त्याला प्रथम स्पर्श करता कामा नये. आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे आपल्याकडील सामने ज्या नियमांनी खेळले जातात त्यांत, असा प्रतिबंध नाही. ती खरोखरीची फेक होती असे पंचांचे मत असेल, तर फेकणारा चेंडू पुन्हा झेलू शकतो. चेंडू रिंगच्या वर असताना काय करावे ह्याविषयीही भेद आहे. एनबीएमध्ये रिंगवरील काल्पनिक नळकांड्याच्या आत चेंडू असेपर्यंत त्याला हात लावणे हा नियमभंग ठरतो. आंतरराष्ट्रीय खेळात फेकलेला चेंडू एकदा रिंगला लागला की तो कोणालाही खेळता येतो. त्यामुळे दुसऱ्या उडीची अचूक वेळ ही दोन्हीकडे एकच नसते, ही गोष्ट दूरचित्रवाणीवर एनबीएचे सामने पाहून सराव करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रिंगखालची जागा उंच खेळाडूंनी बळकावू नये म्हणून एनबीएने तेथील पट्टा दोनदा रुंद केला : १९५१ साली सहा फुटांचा बारा फूट, आणि १९६४ साली बाराचा सोळा. आक्रमण करणाऱ्या खेळाडूला ह्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही. परंतु फेक सुटल्यापासून ही गणना थांबते, म्हणून स्व-रिबाउंड घेणारा तिच्या कचाट्यात सहसा सापडत नाही. २०१८-१९ पासून एनबीएमध्ये आक्रमक रिबाउंडनंतर संघाला पूर्ण २४ सेकंदांऐवजी १४ सेकंदच मिळतात. पण जो तत्क्षणी पुन्हा फेकतो, त्याला ह्या कपातीची झळ लागत नाही.

४. मोझेस मॅलोन आणि त्याच्यावरील आक्षेप

स्व-रिबाउंडचा विषय निघाला की मोझेस मॅलोन (१९५५–२०१५) ह्याचे नाव ओघानेच येते. व्हर्जिनियातील पीटर्सबर्गचा हा मुलगा १९७४ साली महाविद्यालयाची पायरी न चढता थेट व्यावसायिक खेळात उतरला. उंची सहा फूट दहा इंच, म्हणजे त्या काळच्या सेंटरांमध्ये काही असामान्य नव्हे. तरीही एनबीएच्या कारकिर्दीत त्याने ६,७३१ आक्रमक रिबाउंड मिळविले आणि तो उच्चांक अजून कोणी मोडलेला नाही. ११ फेब्रुवारी १९८२ रोजी सिअ‍ॅटलविरुद्ध एकाच सामन्यात त्याचे आक्रमक रिबाउंड २१ होते. १९७९, १९८२ आणि १९८३ असा तीनदा तो हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

ह्या कीर्तीला चिकटलेला आक्षेप असा की, त्याचे बरेचसे आक्रमक रिबाउंड त्याच्या स्वतःच्याच चुकांचे होते; काही चुका तर मुद्दामच्या होत्या. त्याच्या ऐन उमेदीच्या काळात प्रत्येक फेकीचा आणि तिच्या रिबाउंडचा क्रमवार तपशील आजच्यासारखा जपला जात नसल्याने ह्या आक्षेपाचे थेट परीक्षण होऊ शकत नाही. परंतु उपलब्ध आकड्यांवरून त्याची मर्यादा निश्चित करता येते.

१९७८-७९ च्या हंगामात ह्यूस्टन रॉकेट्सकडून ८२ सामने खेळताना मॅलोनने १,३२५ फेकी केल्या. त्यांतील ७१६ यशस्वी झाल्या. म्हणजे ६०९ हुकल्या. त्याच हंगामात त्याने ५८७ आक्रमक रिबाउंड घेतले, आणि एका हंगामातील हाही उच्चांकच आहे. ६०९ आणि ५८७ हे आकडे शेजारी ठेवले की आक्षेप घेणाऱ्याला मोह होणे साहजिक आहे. पण त्या काळी कोणत्याही हुकलेल्या फेकीचा चेंडू फेकणाऱ्या संघाकडे परत येण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. त्यात पाचही खेळाडूंचा वाटा आला. आता आक्षेप घेणाऱ्याला झुकते माप देऊ. समजा, मॅलोनने एकट्याने आपल्या हुकलेल्या फेकींपैकी पूर्ण एक-तृतीयांश परत मिळविल्या. तरी ती संख्या २०३ होते. मुक्त फेकींनंतरचे थोडे रिबाउंड बाजूला ठेवले, तर उरलेले सुमारे ३८४ हे सहकाऱ्यांच्या चुकांचे ठरतात. हे प्रमाण सामन्यामागे साडेचारांहून अधिक पडते, आणि तेवढ्यावरही तो आक्रमक रिबाउंड घेणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत बसला असता.

हिशोबाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. ते २०३ स्व-रिबाउंड खरे धरले, तर त्यांच्यामागच्या २०३ हुकलेल्या फेकीही त्याच्याच नावावर आहेत. त्या वगळल्या तर १,१२२ फेकींत ७१६ यश, म्हणजे ६४ टक्क्यांच्या जवळपास प्रमाण पडते. प्रत्यक्षात त्याच्या नावे नोंद आहे ती ५४ टक्क्यांची. ज्या रकान्यात तो श्रीमंत होतो त्याच्याच शेजारच्या रकान्यात तो तितकाच गरीब होतो. आकडे फुगविण्याचा हा उद्योग असेल, तर तो घरचे दागिने गहाण टाकून दिवाळी साजरी करण्यापैकी आहे. शिवाय, हातातले निश्चित दोन गुण सोडून एका अनिश्चित उसळीवर कोणता शहाणा खेळाडू विसंबेल?

५. फेक कशाला म्हणावे?

मुद्दाम हुकविण्याचे प्रकार घडलेच नाहीत असे मात्र नाही. १६ मार्च २००३ रोजी क्लीव्हलँडचा रिकी डेव्हिस ह्याला विशिष्ट विक्रमी जुळणीसाठी एक रिबाउंड कमी पडत होता. सामना हातात आलेला होता. त्याने आपल्याच संघाने राखावयाच्या रिंगवर चेंडू फेकून तो परत घेतला. ती फेक मानली गेली नाही आणि रिबाउंडही मिळाला नाही. ५ मार्च २०२३ रोजी मिलवॉकीचा यानिस अँटेटोकुन्मपो ह्याने वॉशिंग्टनविरुद्ध अखेरच्या क्षणी चेंडू रिंगवर आपटवून स्वतःच झेलला आणि दहाव्या रिबाउंडची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी संघटनेने ती रद्द केली. कारण ती खरोखरीची फेक नव्हती.

ह्या दोन निर्णयांतील तत्त्व महत्त्वाचे आहे. चेंडू रिंगला लागला, उसळला, झेलला गेला. बाह्य हालचालींत काहीही उणे नव्हते. उणा होता तो हेतू. उच्चार तोच असून बोलणाऱ्याच्या हेतूने वाक्याचा अर्थ पालटतो, तसेच हे आहे. गुण मिळविण्याचा हेतू असेल तरच ती फेक, आणि फेक असेल तरच तिचा रिबाउंड. म्हणजे आक्षेप घेणारे ज्या प्रकाराला दोष देतात तो स्व-रिबाउंडच नव्हे; नियमांनी त्याला ते नावच नाकारले आहे. दोन वेगळ्या वस्तूंना एक नाव दिल्याने उद्भवलेला हा घोटाळा आहे.

६. ताबा हा घटक धरल्यास

बास्केटबॉलच्या आकडेशास्त्राचे एक अध्वर्यू डीन ऑलिव्हर ह्यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात फेकीऐवजी ‘ताबा’ हा मोजणीचा घटक धरला. चेंडू एका संघाकडे आल्यापासून प्रतिस्पर्ध्याकडे जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक ताबा. आक्रमक रिबाउंडने नवा ताबा सुरू होत नाही, जुनाच पुढे चालू राहतो. सामन्याचा निकाल ठरविणाऱ्या चार घटकांत त्यांनी आक्रमक रिबाउंडची गणना केली.

हा घटक स्वीकारला की लेखाच्या आरंभीचे तीन तुकडे पुन्हा सांधले जातात. समजा, एका खेळाडूने दहा फेकी केल्या, पाच साधल्या, आणि हुकलेल्या पाचही प्रतिस्पर्ध्यांनी नेल्या. दहा ताब्यांत दहा गुण. दुसऱ्यानेही दहांतून पाचच साधल्या, पण हुकलेल्या पाचांपैकी तीन स्वतः परत मिळवून लगेच पुन्हा फेकल्या. त्याच्या दहा फेकी सात ताब्यांतच आटोपल्या : सात ताब्यांत दहा गुण. टक्केवारीच्या रकान्यात दोघेही पन्नास. संघाच्या पदरात मात्र तीन ताब्यांचा फरक. पहिल्या पद्धतीने दुसरा खेळाडू पहिल्याएवढाच साधारण ठरतो, दुसऱ्या पद्धतीने तो स्पष्टपणे सरस ठरतो. खेळ बदललेला नाही. बदलला आहे तो तुकडे पाडण्याचा निकष.

ह्यात आणखी एक लाभ आहे. आक्रमक रिबाउंडसाठी खेळाडू पुढे धाडले की मागे बचाव उघडा पडतो, ह्या भीतीने एनबीएच्या संघांनी गेल्या काही दशकांत ह्या झुंजीतून अंग काढून घेतले. हुकलेला चेंडू परत मिळण्याचे एक-तृतीयांश प्रमाण २०१० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एक-चतुर्थांशाच्याही खाली आले. परंतु स्व-रिबाउंड घेणाऱ्याला कोणी मुद्दाम पुढे धाडलेले नसते. फेकीच्या निमित्ताने तो तेथे आधीच पोचलेला असतो. त्याच्या दुसऱ्या उडीची किंमत संघाला जवळजवळ शून्य पडते. सहकाऱ्याच्या चुकीमागे धावणे आणि स्वतःच्या चुकीमागे धावणे ह्यांत हा खरा भेद आहे, आणि आक्रमक रिबाउंड हे सामाईक नाव नेमका तोच झाकून टाकते.

अर्थात् ताब्याचा हिशोबही सर्वज्ञ नव्हे. पहिलीच फेक साधली असती तर दुसऱ्या उडीची गरजच उरली नसती, हे त्या हिशोबात दिसत नाही. ते पाहावयास टक्केवारीचा रकाना हवाच. दोन्ही रकाने ठेवून त्यांना जोडणारी एक खूण मात्र आवश्यक आहे. आज चलच्चित्रांच्या आणि क्रमवार नोंदींच्या साहाय्याने एनबीएमध्ये स्व-रिबाउंड वेगळे काढणे अवघड राहिलेले नाही. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत तर यंत्रांचीही गरज नाही : गुणलेखकाने आक्रमक रिबाउंडच्या आकड्यावर, तो फेकणाऱ्याचाच असल्यास, एक टिंब द्यावे. तेवढ्या टिंबाने एखाद्या होतकरू सेंटरची पन्नास टक्के नेमबाजी दुबळेपणाची की झुंजारपणाची, हे निवड समितीला वहीवरूनच कळेल. मॅलोनच्या वाट्याला ते टिंब आले नाही, म्हणून त्याच्या ५८७ रिबाउंडांपैकी काहींवरचा संशय त्याच्या मृत्यूनंतरही फिटलेला नाही.